जर्मन मायनर घेऊन तुम्ही नक्की वाचता काय?

पुण्यात जर्मन शिकणं ही काही फार भारी गोष्ट राहिलेली नाही, आठवीला संस्कृत की जर्मन हा प्रश्न इथे जवळजवळ प्रत्येक घरात एकदा तरी येऊन जातो, आणि अकरावी-बारावीला तर 'स्कोअरिंग आहे गं, घेऊन टाक' एवढ्या एकाच कारणावर निम्मा वर्ग जर्मनला बसतो, शंभराच्या आसपास मार्क पाडतो आणि पुढच्या वर्षभरात सगळं विसरूनही जातो. त्यामुळे मी बीएला इकॉनॉमिक्स मेजर आणि जर्मन मायनर असं सांगितलं की समोरच्याचे दोनच प्रश्न ठरलेले. कुठल्या लेव्हलपर्यंत होतं? आणि मग जर्मनीला कधी? आत्या तेच विचारते, सोसायटीतल्या काकू तेच विचारतात, परवा तर गॅस सिलेंडरवाल्या दादांनीही तेच विचारलं कारण त्यांच्या भाच्याला पाठवायचंय. तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही, की बाई तुम्ही तिथे नक्की वाचता काय? आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं ते त्याच्याबद्दलच, म्हणून शेवटी लिहूनच टाकतेय.

आधी मायनर म्हणजे काय ते पटकन सांगते. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून एक मेजर विषय आणि त्याच्या शेजारी एक मायनर, त्याचे साधारण 18-20 क्रेडिट, अशी रचना झाली. कॉलेजांनी मग आपापल्या सोयीनं, म्हणजे कोण शिकवायला मिळतंय आणि कुठली खोली रिकामी आहे त्यावरून, मायनर ठरवले. आमच्याकडे सुरुवातीला नुसती भाषा, मग भाषा अधिक संस्कृती आणि शेवटी साहित्य असा क्रम होता. तास सकाळी सातचे, कारण त्यानंतर खोली कॉमर्सवाल्यांची. शिकवणाऱ्या मॅडम सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, म्हणजे आमचा तास संपला की स्कूटीला किक मारून दुसऱ्या कॉलेजला, आणि संध्याकाळी खाजगी क्लास. लायब्ररीत जर्मनचं एकच कपाट आणि त्यातली बरीच पुस्तकं 1996 च्या शुद्धलेखन सुधारणेच्या आधीची, त्यामुळे पुस्तकात एक स्पेलिंग आणि फळ्यावर दुसरं. पण असो, रडगाणं नाही गायचंय.

तर क्लास आणि मायनर यातला फरक. क्लासला मी नावं ठेवत नाहीये, रानडे इन्स्टिट्यूट म्हणा, मॅक्स म्युलर भवन म्हणा, पुण्यानं जर्मन शिकली ती तिथेच. पण क्लासच्या डोक्यावर परीक्षा बसलेली असते. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, 60 टक्क्यांना पास, आणि भाषेच्या ठरलेल्या पातळ्या, एवन झालं की एटू, एटू झालं की बीवन, पुढचं पान, पुढचं पान. त्यात 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी तिकडे कुशल कामगार पाठवायचा करार केला, नर्सिंगवाल्या मुली आधीपासून जातच होत्या, मग काय, गल्लोगल्ली जर्मनचे बोर्ड लागले. माझी एक मैत्रीण नर्सिंग करून बीटूच्या मागे आहे, तिला जर्मन कविता वाचायला सांगितली तर ती मला फेकून मारेल, आणि बरोबरच आहे तिचं. तिच्या व्हिसाचा प्रश्न आहे. मायनरवर मात्र काहीच लटकलेलं नसतं! मेजरचं टेन्शन नाही, सर्टिफिकेटचं नाही, त्यामुळे एकाच पानावर आठवडाभर बसून राहायची चैन परवडते. माझ्या मते मायनरची खरी कमाई ही एवढीच आहे आणि ती भरपूर आहे.

व्याकरणाबद्दल लोकांनी उगाच घाबरवून ठेवलंय, आणि त्यातलं निम्मं घाबरवणं जर्मन इंग्रजीतून शिकवल्यामुळे होतं असं माझं ठाम मत आहे. पुस्तकं इंग्रजीकडे बघून समजावतात, यूट्यूबवरची सगळी मंडळी इंग्रजीतून समजावतात, आणि मग 'बापरे, निर्जीव वस्तूंनाही लिंग!' असा सगळ्यांना एकत्र धक्का बसतो. अरे, आपल्याकडे तो खांब, ती भिंत, ते छप्पर आहेच की. तीनच्या तीन लिंगं आहेत. आमच्या वर्गात एक लखनौचा मुलगा होता, हिंदीत दोनच असल्यामुळे त्याला नपुंसकलिंग ही भानगड मुळापासून शिकावी लागली, आपल्याला फक्त कुठल्या शब्दाला कुठलं एवढंच पाठ करायचं (ते पाठ करणं मात्र कुणालाच चुकलेलं नाही, सूर्य तिकडे बाई आहे आणि चंद्र बुवा). मुलगी हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे हे कळल्यावर वर्गात केवढा हशा, काही मुलींनी निषेधही नोंदवला, पण माझं आजोळ मालवणकडचं, तिथे मुलगी म्हणजे चेडू आणि चेडू नपुंसकलिंगीच, त्यामुळे मी आपली शांत.

विभक्तीचंही तेच. चार आहेत हो फक्त. शाळेत 'रामः रामौ रामाः' करून आलेल्या माणसानं चाराला घाबरावं म्हणजे काय. आणि दातिव ही विभक्ती, म्हणजे जिला सगळे सगळ्यात जास्त रडतात, ती तर आपल्या अगदी घरातली आहे. इंग्रजीत 'आय लाइक', तिथे आवडणारा माणूस कर्ता. जर्मनमध्ये 'मिअर गेफेल्ट दास', मला ते आवडतं. 'मिअर इस्ट काल्ट', मला थंडी वाजतेय. जिथे आपण मला म्हणतो तिथे ते बहुतेक वेळा मिअर म्हणतात. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्याला सवयीचं, उलट आपली पंचाईत होते साध्या वाक्यात, कारण तिथे क्रियापद हट्टानं दुसऱ्या जागेवर बसतं, आधी 'आज' घाला नाहीतर 'दर रविवारी सकाळी आजीकडे' घाला, त्याच्या लगेच पुढे क्रियापद. यावर आमच्या मॅडमचा एकच उपाय, रोज घरी बसून दिवसभरात काय केलं ते पाच-सहा ओळी लिहायचं आणि प्रत्येक ओळ वेगळ्या शब्दानं सुरू करायची. कंटाळवाणा उपाय आहे. पण लागू पडतो.

आणि आकडे! ऐकण्याच्या परीक्षेत जर्मन किंमत किंवा गाडीच्या प्लॅटफॉर्मचा नंबर सांगतात तो एकम आधी आणि दशक नंतर, 'त्स्वायउंडफ्युन्फत्सिश', दोन आणि पन्नास, म्हणजे बावन्न. इंग्रजी मीडियमची पोरं हमखास 25 लिहून ठेवतात. ज्यांनी लहानपणी मराठीत पाढे घोकलेत त्यांच्या कानाला मात्र हे वावगं वाटत नाही, कारण बावन्न, त्रेपन्न, चोपन्न हेही आधी दोन, तीन, चारच. अडीच वाजले हे पण ते 'हाल्प द्राय' म्हणून सांगतात, तिसरा अर्धा झाला, आणि आपला अडीचसुद्धा संस्कृतातल्या अर्धतृतीयमधूनच आलाय. इथे एक गंमत सांगायलाच हवी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसऐवजी 'वीस सात' असं वाचायला शिकवा असं आलं होतं आणि काय गदारोळ झाला होता आठवतंय ना, विधानसभेपर्यंत विनोद गेले. तर जर्मनीत अगदी हीच मागणी करणारी एक संस्था आहे, 'त्स्वान्त्सिशआइन्स' नावाची, म्हणजे वीस-एक, बोखुमच्या एका गणिताच्या प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन काढलेली, आणि त्यांचाही युक्तिवाद तोच की लहान मुलांचा लिहिताना गोंधळ होतो. नॉर्वेनं 1951 साली हा बदल सरकारी पातळीवर करूनही टाकला. जर्मन लोक अजून बधलेले नाहीत. आम्ही वर्गात यावर वाद घातला, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, आणि तो माझ्या आठवणीतला पहिला तास ज्यात कुणी 'माझं नाव अमुक, मला क्रिकेट आवडतं' याच्या पलीकडे काहीतरी बोललं.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे साहित्याकडे. साहित्याचा पेपर म्हटलं की सगळ्यांना वाटतं गटे, शिलर, मोठमोठे ग्रंथ. तेवढी भाषा आमच्याकडे नव्हतीच. आमची मजल छोट्या गोष्टी आणि कवितांपर्यंत. पण मॅडमनी एक हुशारी केली होती, त्या व्याकरणाचा धडा आणि कविता वेगवेगळ्या ठेवायच्याच नाहीत. कर्मणी प्रयोग शिकवायचा होता. फळ्यावर वाक्य लिहिलं, 'देअर शनिवारवाडा वुर्ड 1732 गेबाउट'. शनिवारवाडा 1732 साली बांधला गेला. बरोबर आहे? बरोबर आहे. वुर्ड अधिक क्रियापदाचं तिसरं रूप, वहीत उतरवून घ्या. मग त्यांनी ब्रेख्त या जर्मन कवी-नाटककाराची 1935 सालची एक कविता वाटली, वाचणाऱ्या कामगाराचे प्रश्न अशा नावाची. साधी सोपी भाषा, जवळजवळ सगळी प्रश्नांचीच बनलेली. सात दरवाज्यांचं थीब्ज कुणी बांधलं? पुस्तकात तर राजांची नावं आहेत, ते दगड राजांनी वाहिले का? चीनची भिंत बांधून झाली त्या संध्याकाळी गवंडी कुठे गेले? सीझरनं गॉल लोकांना हरवलं, त्याच्याबरोबर निदान एखादा आचारी तरी नव्हता का?

आणि मग मॅडम फळ्यावरच्या वाक्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, या वाक्यात माणूस कुठे आहे?

नव्हताच. कर्मणी प्रयोगात कर्ता नाही सांगितला तरी चालतं, पुस्तकात तसा नियमच दिलेला असतो, 'फॉन' (आपलं 'कडून') लावून कर्ता जोडता येतो पण तो ऐच्छिक. आपल्याकडे सरकारी मराठीत 'कारवाई करण्यात येत आहे', 'झाडे तोडण्यात आली' असतं ना, तसंच, कुणी तोडली ते विचारायचं नाही. मी व्याकरणाचा हा नियम आयुष्यात विसरणार नाही, आणि ज्या क्लासच्या पुस्तकात कर्मणी प्रयोग शिकवायला चीज कसं बनवलं जातं याची आकृती असते त्या पुस्तकातून तो मला असा कधीच कळला नसता.

मग गृहपाठ, आपल्या इतिहासाबद्दल असे प्रश्न जर्मनमध्ये लिहून आणा. कुणी शनिवारवाड्याचे दगड आणले, कुणी कोकण रेल्वेचे बोगदे, एकानं हिंजवडीतल्या काचेच्या इमारती पुसणारी माणसं आणली. आमच्यातल्या एकीनं लिहिलं होतं, 'वेअर हाट फ्यूर दी माराठेन इन पानिपत गेकोख्ट?' पानिपतात मराठ्यांसाठी स्वयंपाक कोण करत होतं. आणि गंमत म्हणजे या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर आहे, 1761 च्या त्या लढाईत सैन्याबरोबर बुणगे, म्हणजे न लढणारा लवाजमा, होते, यात्रेकरू होते, बायका होत्या, बखरींमध्ये त्यांचा उल्लेख येतो तो ओझं म्हणून, पण येतो. मॅडमनी त्या वाक्यातलं काहीच दुरुस्त केलं नाही. हे आमच्याकडे क्वचित होतं.

याच कवितेवरून पुढे एक वेगळीच चर्चा झाली. ब्रेख्तचं सगळ्यात गाजलेलं संगीत नाटक, 'थ्री पेनी ऑपेरा', 1928 चं, बर्लिनमध्ये झालेलं, मूळ जॉन गेच्या 1728 च्या इंग्रजी नाटकावर बेतलेलं, आणि आपल्या पुलंनी त्याचा 1978 मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' केला, थिएटर अकॅडमीनं, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली. हे घरी बाबांना सांगितलं तर ते लगेच गाणी म्हणायला लागले. त्यांच्यासाठी ते पुलंचं नाटक, ब्रेख्त वगैरे नंतर. पण मुद्दा असा की ते इंग्रजी नाटक ब्रेख्तसाठी जर्मनमध्ये आणलं एलिझाबेथ हाउप्टमान नावाच्या बाईनं, त्याच्या अनेक कामांमध्ये तिचा हात होता, आणि या नाटकाच्या मानधनात तिचा वाटा ठरला होता साडेबारा टक्के. पोस्टरवर ठळक नाव कुणाचं ते सांगायला नकोच. म्हणजे सीझरचा आचारी कोण असं विचारणाऱ्या कवीच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातही कुणीतरी होतंच की! हे मी इंटर्नलच्या उत्तरात लिहिलं. मार्क बरे मिळाले, शेरा मिळाला की मुद्दा चांगला, आर्टिकल चुकलंय.

संस्कृतीचा पेपर हा मात्र नशिबाचा खेळ आहे. काही ठिकाणी म्हणे त्यात नुसते ब्रेडचे प्रकार, ऑक्टोबरफेस्ट आणि ख्रिसमसचे बाजार असतात, आमच्याकडेही एक युनिट तसं होतं, ते आम्ही एका दमात संपवलं. पण मग आला 9 नोव्हेंबर. जर्मन इतिहासात ही तारीख पुन्हा पुन्हा येते. 1918 मध्ये याच दिवशी कैसरची सत्ता गेली आणि प्रजासत्ताकाची घोषणा झाली, 1923 मध्ये म्युनिकमध्ये हिटलरचा उठावाचा प्रयत्न फसला, 1938 मध्ये देशभर ज्यूंची सिनेगॉग जाळली, दुकानं फोडली, हजारो पुरुषांना उचलून छळछावण्यांत नेलं, आणि 1989 मध्ये बर्लिनची भिंत उघडली. आमचे गट पाडून एकेका गटाला एकेक साल दिलं होतं. 1989 वाल्यांची मजा, कारण त्यांच्याकडे पूर्व जर्मनीचे नेते शाबोव्स्की यांची ती पत्रकार परिषद होती, साहेबांना नवीन प्रवास नियम कधीपासून लागू हे नीट माहीतच नव्हतं, कागद चाळत म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, आणि रात्री लोक भिंतीवर चढले. वर्ग हसत होता. पुढचं सादरीकरण 1938 चं होतं, कुणाला काय बोलावं कळेना. जर्मनीनं राष्ट्रीय दिवस म्हणून 9 नोव्हेंबर न घेता 3 ऑक्टोबर, 1990 च्या एकीकरणाचा दिवस, का घेतला याचं उत्तर आम्हाला त्या अर्ध्या तासात मिळालं, पाठ करावं लागलं नाही.

त्याच ओघात श्टोल्परश्टाइन आले. गुंटर डेमनिग या कलाकारानं 1990 च्या दशकात सुरू केलेलं काम, दहा सेंटिमीटर लांब-रुंद पितळी पत्रा बसवलेला दगड, नाझींनी ज्यांना घरातून नेलं त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर फुटपाथमध्येच बसवायचा. वर बहुतेक ठिकाणी 'हिअर वोन्ट', इथे राहत होते, मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, काय झालं. 2023 मध्ये न्युरेनबर्गला त्यातला एक लाखावा बसवला. भाषेच्या दृष्टीनं बघाल तर एवनची पोरंही वाचू शकतील अशी तीन-चार वाक्यं. आम्ही फोटोंवरून वाचले. आणि लक्षात आलं की पुन्हा तोच आपला कर्मणी प्रयोग, 'डेपोर्टीअर्ट', 'एरमोर्डेट', नेलेला, मारलेला, कुणी ते नाही. यावर वर्गात मतभेद झाले, काहींचं म्हणणं कर्ता सगळ्यांना माहीतच आहे तर लिहायचा कशाला, काहींचं म्हणणं लिहायलाच पाहिजे. मी दुसऱ्या बाजूला.

आणि इथे मला इरावती कर्वे सापडल्या. म्हणजे 'युगान्त' घरात होतंच, आईचं आवडतं, पण बाई बर्लिनच्या पीएचडी हे मला कुठे माहीत होतं. 1920 च्या दशकाच्या अखेरीला त्या बर्लिनला गेल्या, कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटच्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत, आणि त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, म्हणजे ज्यांच्या वंशसिद्धांतावर पुढे नाझींनी इमले रचले ते गृहस्थ, 1933 मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टरही झाले. इरावतीबाईंना काम काय, तर वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या मोजायच्या आणि डाव्या-उजव्या बाजूतली असमानता वंशानुसार बदलते का बघायचं. गाइडला काय उत्तर हवं होतं ते उघड होतं. बाईंनी मोजलं, आणि लिहिलं की वंशानुसार तसा फरक दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, गाइडच्या लाडक्या सिद्धांताच्या विरुद्ध प्रबंध! आणि इथे आम्ही इंटर्नलला मॅडमना काय आवडेल त्याचा अंदाज घेऊन उत्तर लिहितो. नंतर त्या पुण्यात परतल्या, डेक्कन कॉलेजला आल्या, ते सगळं प्रसिद्ध आहेच. संस्कृतीच्या पेपरला मी ब्रेडवर लिहिणार होते, ते सोडून यांच्यावर लिहिलं.

अजून एक आवडलेलं सांगते आणि पुढे जाते, नाहीतर हे संपायचं नाही. मार्टिन ल्युथरनं 1522 मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला, आणि पुढे 1530 मध्ये एका पत्रात आपल्या टीकाकारांना सांगितलं की भाषांतर कसं करावं ते लॅटिन अक्षरांना विचारू नका, घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना आणि बाजारातल्या साध्या माणसाला विचारा, ते बोलतात कसं ते बघा. आता एकनाथ महाराज आठवा, त्याच शतकातले, पैठणचे, आणि त्यांचा तो भागवतातला सवाल, संस्कृत देवानं केली तर मग प्राकृत काय चोरांपासून झाली? दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. वर्गात हे बोलले तर मॅडम म्हणाल्या एकनाथांची ओवी जर्मनमध्ये करून आण, मग बघू कोण बाजारातल्या माणसासारखं बोलतंय. ती अजून झालेली नाही.

बरं, आता ज्यांना खरंच घ्यायचाय त्यांच्यासाठी थोडं रोखठोक. मायनर संपता संपता तुम्ही फार तर एटू-बीवनच्या मध्ये कुठेतरी असाल, तेही घरी वाचत असाल तर. जर्मन माध्यमातून तिकडे डिग्री करायची तर साधारण सीवनची पातळी लागते, तेव्हा मायनरच्या जिवावर कुणी स्वप्नं रंगवू नका. बोलणं सगळ्यात कच्चं राहतं, कारण साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाला बोलायला वेळ कुठून मिळणार, त्यासाठी वेगळा जोडीदार शोधा, आम्ही चार जणी कॅन्टीनमध्ये एका टेबलावर फक्त जर्मन असा नियम करून बसायचो आणि वडापाववाला आम्हाला हसायचा. सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षा वेगळी द्यावी लागते, तिची फी वेगळी, मायनरची मार्कशीट तिथे चालत नाही. आणि कॉलेज निवडताना सिलॅबसमध्ये साहित्याचा पेपर खरोखर शिकवला जातो का ते सिनियर्सना विचारा, कारण बऱ्याचदा पर्याय म्हणून बिझनेस जर्मन ठेवलेलं असतं, पोरं तिकडे पळतात, आणि पुरेशी डोकी नाहीत म्हणून साहित्याचा पेपर रद्द होतो. आमच्याकडे तो होता होता वाचला, आम्ही काही जणींनी बाकीच्यांना अक्षरशः चहा पाजून फॉर्म भरायला लावले.

सध्या शेवटच्या प्रोजेक्टमध्ये बुडालेय. विषय आहे डोक्यांची अदलाबदल. वेताळ पंचविशीतली गोष्ट, दोन पुरुषांची डोकी चुकीच्या धडांवर बसतात आणि बाईनं नवरा कुणाला म्हणायचं असा पेच पडतो. ही गोष्ट हाइनरिश त्सिमर या जर्मन भारतविद्या अभ्यासकाच्या लिखाणातून टोमास मानपर्यंत पोहोचली, त्यानं 1940 मध्ये त्यावर कादंबरिका लिहिली, तेव्हा तो नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत होता. ती वाचून गिरीश कार्नाडांनी कन्नडमध्ये 'हयवदन' लिहिलं, विजयाबाई मेहतांनी ते मराठीत केलं आणि पुढे 1984 मध्ये वायमारला जाऊन जर्मन नटांना घेऊन जर्मनमध्ये बसवलं. म्हणजे गोष्ट संस्कृतातून जर्मनमध्ये, तिथून कन्नडमध्ये, मराठीत, आणि फिरून परत जर्मनमध्ये. मला यातलं मानचं मूळ जर्मन आणि मराठी प्रयोगाबद्दल जे लिहिलं गेलंय ते शेजारी ठेवून बघायचंय की त्या बाईला, म्हणजे नायिकेला, कुठे किती बोलायला मिळतं. मानची वाक्यं मात्र जीव काढतात, अर्ध्या पानाचं एक वाक्य, पोटवाक्यात पोटवाक्य, आणि क्रियापदं सगळी शेवटी रांगेत उभी, पासबुक भरायला बँकेत उभे असतात तशी. रोज एक पान होतं. दीड झालं तर चांगला दिवस. आईला मी मराठीत सांगत जाते आणि ती मध्येच विचारते की पण मग डोकं म्हणजे नवरा की धड म्हणजे नवरा, तुझा तो जर्मन काय म्हणतो? सांगितलं तिला, अजून तिथपर्यंत क्रियापद आलेलं नाही.